बुटातला दूरध्वनी आणि सात जहाजांची थाप

वॉशिंग्टनमधील एका सभागृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगात आला आहे. श्रोते तल्लीन झाले आहेत. इतक्यात कोठूनतरी दूरध्वनीची घंटा खणखणू लागते. माना वळतात, कपाळांवर आठ्या उमटतात. सुटाबुटातील एक गृहस्थ ओशाळून उठतो, लगबगीने बाहेर पडतो, आडोसा शोधतो आणि पायातील बूट काढून कानाला लावतो!

आज सभेत मोबाईल वाजण्याचे कोणालाच नवल उरलेले नाही. परंतु १८ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘गेट स्मार्ट’ या मालिकेचा ‘मिस्टर बिग’ हा पहिला भाग दाखविण्यात आला, तेव्हा ही कल्पना अचाटच होती. तो काळ शीतयुद्धाचा. क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन तीनच वर्षे लोटली होती. पडद्यावर जेम्स बॉण्डचे राज्य होते. गुप्तहेर म्हणजे देखणा, अचूक आणि अजिंक्य पुरुष, हे समीकरण दृढ झाले होते. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री या लेखकद्वयाने नेमके तेच उलटे केले. त्यांचा हेर क्रमांक ८६, मॅक्सवेल स्मार्ट, हा शूर आहे, निष्ठावान आहे. मात्र चुका करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

कथानक साधे आहे. ‘केऑस’ ही दुष्ट संघटना एका प्राध्यापकाचे उष्णतेने सर्वनाश करणारे यंत्र पळवते आणि खंडणी न मिळाल्यास स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा नष्ट करण्याची धमकी देते. ‘कंट्रोल’ या सरकारी हेरखात्याचे प्रमुख स्मार्टला बोलावतात. विषय अतिगोपनीय, म्हणून स्मार्ट नियमावर बोट ठेवून ‘शांततेचा घुमट’ खाली उतरविण्याचा आग्रह धरतो. दोघांच्या डोक्यांवर पारदर्शक घुमट येतो आणि आत बसलेल्या दोघांना एकमेकांचेच बोलणे ऐकू येईनासे होते! गुप्तता पाळण्यासाठी केलेली व्यवस्था संवादाचाच गळा घोटते. फायलींवर ‘गोपनीय’ शिक्के मारण्यात ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना या विनोदाची धार अधिक जाणवेल.

याच भागात स्मार्टला त्याची सहकारी ‘नव्याण्णव’ प्रथम भेटते. मोटारचालकाच्या वेषातील या तरुणीला तो आधी पुरुषच समजतो. बार्बरा फेल्डन यांनी साकारलेली ही स्त्री त्याच्याहून चतुर आहे. तरीही ती त्याला कधी तुच्छ लेखत नाही. तिचे खरे नाव मालिकेने अखेरपर्यंत प्रेक्षकांना कळू दिले नाही.

भागाचा कळस शत्रूच्या तावडीत सापडल्यावर येतो. स्मार्ट ऐटीत सांगतो, की तटरक्षक दलाची सात जहाजे इकडे येत आहेत. शत्रूचा विश्वास बसत नाही. मग सहा? तेही पटत नाही. घासाघीस करीत तो अखेर वल्ह्याच्या होडीतील दोन पोलिसांवर येऊन ठेपतो. भाजीबाजारात दर उतरावा तशी थाप उतरत जाते. पण थाप मारणाऱ्याचा चेहरा मात्र तसाच गंभीर. डॉन ॲडम्स यांच्या तुटक, ठासून बोलण्याच्या लकबीने हा प्रकार अमेरिकेत घरोघरी पोहोचविला.

खलनायक ‘मिस्टर बिग’ हा प्रत्यक्षात अत्यंत ठेंगणा आहे. उंचीवर बेतलेला हा विनोद आज कोणी सहज करणार नाही. परंतु त्याच वर्षीच्या ‘शिप ऑफ फूल्स’ या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळविणाऱ्या मायकेल डन यांनी ही भूमिका अशा रुबाबात केली, की हसू त्यांच्या उंचीपेक्षा भोवतालच्यांच्या गोंधळाचेच यावे. डाव उलटल्यावर स्मार्ट हळहळतो, की या माणसाने आपली बुद्धी चांगुलपणासाठी वापरली असती तर! शत्रूविषयीची ही हळहळ पुढेही मालिकेत ऐकू येत राहिली.

ही मालिका आधी एबीसी वाहिनीकडे गेली होती. तेथे तिच्यावर ‘अमेरिकाविरोधी’ असा शिक्का बसला आणि ती नाकारली गेली. एनबीसीने मात्र तिला जवळ केले. कृष्णधवल रंगात चित्रित झालेला हा एकमेव भाग. पुढील सारे रंगीत. १९७० पर्यंत एकूण १३८ भाग झाले. ॲडम्स यांना ओळीने तीन एमी पुरस्कार मिळाले. ज्या मालिकेत देशद्रोहाचा वास आला होता, तिच्यावर त्याच देशाने पाच हंगाम मनापासून प्रेम केले.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. विनोदवीर डॉन ॲडम्स दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक दलातून ग्वाडलकॅनालच्या रणभूमीवर गेले होते. देशासाठी प्राण पणाला लावणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आपल्याच यंत्रणेच्या उणिवांवर निर्मळपणे हसणे हा द्रोह नव्हे. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या चुकांवर मुलांना मोकळेपणी हसता येते, त्या घरात वडिलांचा मान कमी होत नाही. उलट बोलणे सुरू राहते. घुमट डोक्यावर ओढून बसणाऱ्यांना मात्र शेजारच्याचाही शब्द ऐकू येत नाही.