पिवळं झालं? मग पाणी पास!

शाळेच्या नळाच्या पाण्याची परीक्षा कधी पाहिली आहे का? गावचे जलसुरक्षक काका किंवा आरोग्यसेविका ताई येतात. एका छोट्या नळीत पाणी घेतात, त्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकतात. पाणी जसंच्या तसं राहिलं, तर त्यांच्या कपाळावर आठी. पिवळं झालं, की स्वारी खूश!

आहे की नाही गंमत? एरवी पिवळं पाणी दिसलं तर आपण नाक मुरडतो. मग इथं उलटा न्याय का?

त्या औषधाचं नाव ऑर्थोटोलिडिन. एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? म्हणून सगळे म्हणतात ‘ओटी टेस्ट’. पाण्यात क्लोरीन असेल तरच ओटी पिवळं होतं. आणि क्लोरीन पाण्यात येतो टीसीएल पावडरमधून. ही पावडर आधी बादलीत कालवतात, चोथा खाली बसू देतात आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओततात.

टाकीत क्लोरीनचं हायपोक्लोरस आम्ल बनतं. ते जिवाणूच्या कवचातून आत शिरतं आणि आतला सगळा कारभारच बंद पाडतं. कॉलरा, टायफॉइडचे जंतू असेच मरतात. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, निदान अर्धा तास.

शिवाय क्लोरीन एकट्या जंतूंवर खर्च होत नाही. गाळ, शेवाळ, कुजलेली पानं यांच्यातही तो संपतो. म्हणून टाकी आधी घासून धुवायची. मग पुरेसा क्लोरीन टाकला, हे कळायचं कसं? उरला का, ते बघून! शाळेतल्या खिचडीचंच घ्या ना. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात थोडी उरली, तर कुणी उपाशी राहिलं नाही. पातेलं खरवडावं लागलं, तर शेवटच्या पानात पुरेशी पडली की नाही, कोण जाणे! नळाच्या एक लिटर पाण्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला, तरी भागतं. पिवळा रंग सांगतो तो हाच उरलेला क्लोरीन.

कधी कधी पावडर टाकूनही पाणी नापास होतं. असं झालं तर पिशवीकडे बघा. तोंड उघडं राहिलं, दमट हवा लागली, की पावडरीतला क्लोरीन निघून जातो. मग पांढरा भुगा दिसायला भरपूर, कामाला कमी!

पाण्यात क्लोरीन टाकायची ही युक्ती तशी जुनीच. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत डॉ. जॉन लील यांनी अख्ख्या शहराच्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. लोकांना काही विचारलं नव्हतं! प्रकरण कोर्टात रंगलं. हे पाणी घरच्यांना द्याल का, असं वकिलांनी विचारलं. डॉक्टर डगमगले नाहीत, आणि निकालही त्यांच्याच बाजूनं लागला.

आता तुमचं काम. टेस्ट होताना जवळ उभे राहा, पण नळीतलं पाणी प्यायचं नाही आणि औषधाला हात लावायचा नाही. ते मोठ्यांनीच हाताळायचं. वर्गातल्या माठात मात्र ग्लास बुडवणाऱ्याला लगेच टोका. बोटांवरची घाण त्याच पाण्यात उतरते आणि उरलासुरला क्लोरीन तिच्यावरच संपतो. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, आणि माठावर झाकण!