अनोळखी उताऱ्याभोवतीचे गैरसमज

बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी उतारा आहे म्हटलं, की पुण्यातही आणि चेन्नईतही एकच सल्ला मिळतो: रोज ‘द हिंदू’चा अग्रलेख वाच. हे वृत्तपत्र मूळ चेन्नईचंच, 1878 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये सुरू झालेलं. त्याच्या भाषेबद्दल आदर असणं रास्त आहे. पण तमिळ किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने आकलनाची सुरुवात त्या अग्रलेखापासून करावी, हा सल्ला बहुतेकदा चुकतो. तो का चुकतो, हे मोजूनही दाखवता येतं.

मार्सेला हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कथेतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि इंग्रजी शिकणाऱ्यांना ती कथा वाचायला दिली. पाचातला एक शब्द अनोळखी होता, तेव्हा कुणालाच कथा पुरेशी समजली नाही. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात पाचच अनोळखी शब्द. अग्रलेखाच्या पहिल्याच परिच्छेदात शब्दकोश पाच वेळा उघडावा लागत असेल, तर ते वाचन राहत नाही, शब्दार्थ शोधण्याचं काम होतं. त्याच मुलीने सोप्या इंग्रजीतली गोष्ट किंवा शालेय विज्ञानाचं पुस्तक पानामागून पान वाचलं, तर तिच्या हाती जास्त लागतं.

मग शब्दच पाठ करावेत का? चीनमध्ये हा उपाय मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथल्या ‘गाओकाओ’ या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत 750 पैकी 150 गुण परकीय भाषेचे असतात. बहुतेक विद्यार्थी ती भाषा म्हणून इंग्रजीच घेतात आणि शब्दयाद्या घोटत बसतात. याद्या निरुपयोगी नाहीत, 98 टक्क्यांचा टप्पा गाठायला शब्द हवेतच. पण सगळे शब्द ओळखीचे असूनही उतारा न कळण्याचा अनुभव मुलांना येतो, आणि तिथे यादी मदतीला येत नाही.

डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली अमेरिकेतल्या 64 शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची समजली गेलेली, पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात हुशार, पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख असली, की वाक्यांच्या मधल्या न लिहिलेल्या जागा मन स्वतः भरतं.

समजा, उतारा चेन्नईच्या पाण्यावर आहे. 2019 च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, हे ठाऊक असलेल्या मराठी मुलाला हा उतारा परका वाटणार नाही. जलाशय, टंचाई, टँकर, वाघिणी हे सारं चित्र त्याच्या डोक्यात आधीच तयार आहे. भूगोल आणि इतिहास मन लावून वाचणारं मूल इंग्रजी उताऱ्याचीही तयारीच करत असतं. हे पालकांना फार क्वचित सांगितलं जातं.

मात्र याच ठिकाणी चूकही होते. प्रश्न येतो: ‘उताऱ्यानुसार रेल्वेने पाणी का आणावं लागलं?’ पर्यायांत ‘जलाशय आटल्यामुळे’ असतं आणि ‘तलावांवर अतिक्रमण झाल्यामुळे’ हेही असतं. अतिक्रमणाविषयी वर्तमानपत्रात वाचलेलं मूल दुसऱ्या पर्यायावर खूण करून मोकळं होतं. बाहेरच्या जगात ते विधान खरंही असेल, पण उताऱ्यात ते नाही. माहितीने उतारा समजून घ्यायचा आणि उत्तर मात्र उताऱ्यातल्याच ओळीवर बोट ठेवून द्यायचं, ही शिस्त शिकवावी लागते.

वेगाची भीतीही अशीच वाढवलेली आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून होणाऱ्या सीयूईटीत इंग्रजीच्या पेपरला 2025 मध्ये 60 मिनिटांत 50 प्रश्न होते: बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीला 1 गुण वजा. मिनिटाला 150 शब्द या संथ गतीनेही तीनशे शब्दांचा उतारा दोन मिनिटांत वाचून होतो. वेळ जातो तो अर्धवट समजलेल्या ओळींकडे पुन्हा पुन्हा वळण्यात.

इंग्रजीत कमी गुण म्हणजे बुद्धीच बेताची, हा समज सर्वांत क्रूर आहे, आणि त्याला उत्तर चेन्नईच्याच इतिहासात सापडतं. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात इंग्रजीत नापास झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही त्यांना एफ.ए. ही पदवीपूर्व परीक्षा पार करता आली नाही. यावरून त्यांना इंग्रजी येतच नव्हतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात 1897 च्या प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले होते आणि त्या परीक्षेत गणिताबरोबर इंग्रजीही होतं. महाविद्यालयात गणितापुढे त्यांनी बाकीचे विषय सोडून दिले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असताना जानेवारी 1913 मध्ये त्यांनी इंग्लंडमधले गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना जे पत्र पाठवलं, तेही इंग्रजीतच.

तमिळनाडूत प्रवेशपरीक्षाच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही, असंही महाराष्ट्रात ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे. राज्यातले अभियांत्रिकीचे प्रवेश 2007 पासून बारावीच्या गुणांवर होतात, आणि सीयूईटीविरोधात विधानसभेने एप्रिल 2022 मध्ये ठराव केला. पण केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी आणि वैद्यकीय शाखेला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा चुकत नाही.

नीट तमिळमध्येही देता येते, मग इंग्रजीची अडचण कसली, असं विचारणाऱ्यांनी 2018 आठवावं. त्या वर्षीच्या तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या 49 प्रश्नांत भाषांतराच्या चुका असल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेली. खंडपीठाने 196 वाढीव गुण देण्याचा आदेश दिला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुढे तो रद्द केला. मूळ आणि भाषांतरात तफावत असली तर इंग्रजी मजकूर अंतिम, हा नियम आहे. म्हणून प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो. शंका आली की त्याकडे पाहण्याचा सराव मुलांकडून घरीच करून घ्यायला हवा.

चेन्नईतल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नीटची मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, तर तमिळनाडूतल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी आणि उर्दूखेरीज तमिळचा पर्याय असतो. मराठीतून परीक्षा द्यायची असेल, तर अर्ज भरतानाच केंद्र महाराष्ट्रातलं निवडावं लागतं.