परदेशातील घरासाठी हवेत दोन करक्रमांक
सोलापूर - परदेशात स्थायिक झालेल्या मुलांजवळ घर घेऊ इच्छिणाऱ्या सोलापूरकर पालकांना सहसा दोन करक्रमांक लागतात. पहिला येथील ‘पॅन’. त्याशिवाय बँक खरेदीची रक्कम परदेशी पाठवीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार ही मर्यादा प्रतिव्यक्ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे.

दुसरा क्रमांक त्या देशाचा. उदाहरणार्थ, पोर्तुगालमध्ये ‘एनआयएफ’, तर स्पेनमध्ये ‘एनआयई’ व्यवहारापूर्वीच काढावा लागतो.

मात्र, तेथील क्रमांक मिळाल्याने येथील जबाबदारी संपत नाही. घरापासून उत्पन्न नसले, तरी भारतातील प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची नोंद आवश्यक असते. ती न केल्यास काळ्या पैशासंबंधीच्या २०१५ च्या कायद्यानुसार १० लाख रुपये दंड होऊ शकतो.