संख्याशास्त्रीय फलनांची नावे व त्यांमागील संकेत

संगणकाच्या साहाय्याने संख्याशास्त्रीय गणन करणाऱ्यास फलनांची नावे लवकर अंगवळणी पडतात. मात्र त्या नावांनी काय सांगितले आहे व काय गृहीत धरले आहे, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात तेवढाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक सुव्यवस्थित पद्धती पाहू. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी रचलेल्या ‘आर’ या भाषेत वितरणाच्या संक्षिप्त नावापूर्वी एक अक्षर जोडतात. ‘डी’ म्हणजे संभाव्यता-घनता, ‘पी’ म्हणजे संचयी संभाव्यता, ‘क्यू’ म्हणजे दिलेल्या संचयी संभाव्यतेशी जुळणारे मूल्य, आणि ‘आर’ म्हणजे यादृच्छिक संख्या. प्रसामान्य वितरणाचे संक्षिप्त नाव ‘नॉर्म’ असे आहे. म्हणून ‘पीनॉर्म’ला १.९६ ही संख्या दिली असता सुमारे ०.९७५ हे उत्तर येते, ‘क्यूनॉर्म’ला ०.९७५ दिले असता सुमारे १.९६ परत मिळते. पायथन भाषेतील ‘सायपाय’ या संग्रहात हीच फलने अनुक्रमे ‘सीडीएफ’ व ‘पीपीएफ’ या नावांनी येतात. येथे नावे भिन्न असली तरी राशी एकच आहे. हा भेद फारसा बाधक नाही. कारण अपरिचित नाव दिसताच अभ्यासक अर्थ शोधू लागतो.

खरा धोका आहे तो नाव एक व राशी भिन्न असते तेथे. नमुन्यातील मूल्ये २, ४, ६ अशी घ्या. माध्य ४ असून विचलनांच्या वर्गांची बेरीज ८ येते. ‘आर’मधील ‘व्हार’ हे फलन तिला २ने, म्हणजे नमुनासंख्येतून एक वजा करून, भागते व प्रचरण ४ देते. पायथनच्या ‘नमपाय’ संग्रहातील त्याच नावाचे फलन, वेगळी सूचना न दिल्यास, ३ने भागते व २.६७ देते.

याहून गंभीर उदाहरण ‘डीनॉर्म’चे होय. ‘आर’मध्ये त्याचे माध्यानंतरचे प्राचल प्रमाण विचलन असते. केंब्रिज येथे १९८९ मध्ये आरंभ झालेल्या ‘बग्ज’ प्रकल्पाच्या भाषेत मात्र त्याच जागी प्रचरणाचा व्यस्त अपेक्षित असतो. समजा, बेझीय विश्लेषणात पूर्वज्ञान अल्प आहे, म्हणून विस्तृत पूर्ववितरण घ्यावे या हेतूने एखाद्याने तेथे १०० लिहिले. ‘आर’च्या संकेतानुसार प्रमाण विचलन १०० होईल, ‘बग्ज’मध्ये ते ०.१ होते. जे वितरण जवळजवळ काहीच सांगू नये, तेच निष्कर्षावर प्रभुत्व गाजवू लागते. संगणक त्रुटीची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्रुटी झालेलीच नसते.

यास्तव प्रबंधात केवळ फलनाचे नाव देणे पुरेसे नाही. संग्रहाचे नाव व आवृत्ती, वापरलेला भाजक आणि प्राचलांचा अर्थ सूत्ररूपाने नोंदवावा. तसेच कोणतेही नवे फलन मूळ सामग्रीवर वापरण्यापूर्वी, वरीलप्रमाणे तीन संख्यांचे उदाहरण हाताने सोडवून त्याच्या उत्तराशी ताडून पाहावे.