डिझेल इंजिनचा वाढता ठोका

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते २२ पट दाबली जाऊन तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. फवारा सुटल्यापासून पेट घेईपर्यंत क्षणाचा अगदी लहान अंश जातो. तेवढ्यात साचलेले इंधन एकदम पेटले की टकटक ऐकू येते. ही टकटक थोडी असणे स्वाभाविक आहे. आठवड्यागणिक वाढणारा ठोका मात्र दुखण्याचे लक्षण असते. ते दुखणे इंधनाचे आहे की लोखंडाचे, हे ठरवणे म्हणजेच निदान.

पहिली खूण तापमानाची. भंडारा जिल्ह्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. गार इंजिनात डिझेल उशिरा पेटते, म्हणून जुनी सुमो किंवा बोलेरो सुरू करताच ठोकते आणि गरम झाली की शांत होते. झिजलेल्या पिस्टनचा आवाजही गरम झाल्यावर कमी होतो. बेअरिंगचे उलट असते. ऑइल तापून पातळ झाले की बेअरिंगमधली फट उघडी पडते. त्यामुळे ४५ अंशांच्या मे महिन्यात, रेस देताना किंवा चढावर, खालून जड ठोका येतो.

तपासणी स्वस्तापासून सुरू करावी. डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे. ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर इंजिन तिथेच बंद करून गाडी ओढून न्यावी. मग फाउंडेशनचे रबर, अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि पुली हलवून पाहाव्यात. नोझलच्या बुडाशी काळा ओला डाग आणि फुसफुस असेल तर तांब्याचा वॉशर गेलेला असतो. डिझेल फिल्टरमधले पाणीही काढून पाहावे.

पुढे सिलिंडर शोधायचा. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात, गाडी उभी असताना, एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करतात. ज्याचे इंधन तोडल्यावर ठोका थांबतो, दोष त्या सिलिंडरात. कुठेच फरक पडला नाही तर टायमिंगची चेन, गिअर किंवा फ्लायव्हील तपासावे. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि सुटलेली धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करतात.

सिलिंडर सापडला की त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी बदलावे. ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा. टेस्टरवर ते धुक्यासारखे फवारते की थेंब गाळते, हे दिसते. चारही सिलिंडर सारखेच ठोकत असतील तर पंपाचे टायमिंग पुढे गेले आहे किंवा डिझेल खराब आहे.

ठोका जागचा हलला नाही तर कंप्रेशन मोजावे. ते कमी असण्याचे एक कारण पुराचे पाणी असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला होता. अशा पाण्यात गाडी चालवल्यास एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात जाऊ शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड किंचित वाकू शकतो. गाडी चालू राहते, पण त्या सिलिंडरचे कंप्रेशन इतरांपेक्षा कमी दिसते आणि कालांतराने ठोका सुरू होतो.

शेवटी ऑइल फिल्टर कापून पाहावा. त्यात चकाकणारी, तांबूस कणी असेल तर ऑइल चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडच्या टोप्या खोलाव्यात. वेळेत उघडले तर बहुधा नुसत्या बेअरिंगवर भागते. उशीर झाला तर क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासून त्या मापाची बेअरिंग बसवावी लागतात. तरीही तशीच गाडी साकोलीहून नागपूरपर्यंत महामार्गावर दामटली तर रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो, आणि मग दुरुस्तीला अर्थ उरत नाही.

बेअरिंग बदलताना ती का गेली, हेही शोधावे लागते. ऑइल पंपाचा दाब मोजावा, चेंबरमधली जाळी धुवावी, क्रँकची भोके हवेने साफ करावीत आणि नवे ऑइल व फिल्टर घालावेत. एवढे केले नाही तर नवे बेअरिंगही त्याच कारणाने जाते.