मांजरांचं गणगोत

गवताच्या गंजीआड एक मांजरी विते आहे. शेजारी दुसरी मांजरी बसून आहे. पहिलं पिल्लू बाहेर येतं तशी ही दुसरी पुढे सरकते, पिलावरचा ओला पडदा चाटून काढते, त्याचं अंग कोरडं करते. बाळंतीण पुढच्या कळेत गुंतली आहे. आधीच्या पिलाकडे बघायला ही सोबतीण आहे. काही दिवसांनी सोबतीणही विते. मग दोघींची पिलं एकाच आडोशाला वाढतात आणि भुकेलं पिल्लू जी आई जवळ असेल तिला लुचतं. आपलं कोणतं आणि तिचं कोणतं, या हिशेबात दोघीही पडत नाहीत.

शेतांवरच्या मांजरांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सुईणपण आणि दूधआईपण चांगलंच परिचयाचं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शेतांवरच्या मांजरांचा पाठपुरावा करून १९८७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात पिलं सामाईक वाढवणाऱ्या माद्यांच्या अशा आघाड्यांचा सविस्तर तपशील आहे.

आपल्या मनातलं मांजर मात्र कायम एकटं असतं. म्हणीतलं मांजर एकटंच डोळे मिटून दूध पितं, रस्त्यात एकटंच आडवं जातं. गोष्टीत दोन मांजरं एकत्र येतात ती लोण्याच्या गोळ्यावरून भांडायला, आणि फावतं माकडाचं. मांजर एकलकोंडं आणि आपमतलबी, हा शिक्का इतका पक्का बसला आहे की संशोधकांनीही बराच काळ त्याची उलटतपासणी केली नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत ती झाली, आणि निकाल गुंतागुंतीचा लागला. मांजर माणूसघाणंही नाही आणि कळपाचा प्राणीही नाही. ते सोबत करतं, पण ती ठरावीक जणांची.

या स्वभावाचं मूळ त्याच्या पूर्वजांत आहे. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९७९ मांजरांचा डीएनए तपासला गेला. जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, हे त्यातून स्पष्ट झालं. शास्त्रीय भाषेत त्याला ‘फेलिस लिबिका’ म्हणतात. हे रानमांजर खरोखरच एकटं राहतं. उंदीर, पाली, पाखरं अशी त्याची शिकार एकट्यापुरतीच असते. वाटून खाण्याजोगं त्यात काही नसतं. मग माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारं भरली, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. एकाच जागी मुबलक खाणं मिळू लागल्यावर शेजाऱ्याला हाकलत बसण्यात तोटा होता. ज्यांना शेजार सोसवला ती टिकली.

याचं जिवंत उदाहरण जपानमध्ये फुकुओकाजवळच्या आइनोशिमा बेटावर आहे. मासेमारीवर जगणाऱ्या या छोट्या बेटावर फेकलेल्या मासळीच्या ढिगांभोवती मांजरांचे गट जमतात. मासाको इझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात इथे एकेक मांजर ओळखून नोंदी केल्या. प्रत्येक गटाचा ठरलेला ढीग होता आणि त्या ढिगावर बाहेरच्याला सहसा थारा नव्हता. मुंबईत ससून डॉकवर किंवा कोकणातल्या कुठल्याही मासळी बाजारात हेच बघायला मिळतं. कोळणीने डोकी-शेपट्या टाकल्या की फळीखालून चार-पाच मांजरं निघतात. ती एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, पण पलीकडच्या गल्लीतला अनोळखी बोका डोकावला की सगळ्यांचे कान एकदम मागे जातात.

अशा गटाचा कणा माद्या असतात. आई, मुली, मावश्या, भाच्या एका जागी टिकून राहतात. बोके वयात आले की दूर जातात आणि त्यांचा वावर कितीतरी मोठ्या परिसरात असतो. रक्ताचं नातं हा मांजरांच्या एकोप्याचा पहिला आधार. पण तो एकमेव नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात शॅरन क्रोवेल-डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटातल्या कोणत्या मांजराचा वेळ कोणाजवळ जातो, याची मोजदाद केली. प्रत्येक मांजराच्या जवळ ठरावीक एक-दोन मांजरंच वारंवार दिसत. ही केवळ ऊबदार कोपऱ्यावर योगायोगाने झालेली गर्दी नव्हती, कारण तीच जोडी वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी एकत्र असायची. त्यांच्या २००३च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: नात्याइतकाच परिचयही महत्त्वाचा. जी मांजरं दीर्घकाळ एकत्र राहिली होती, ती सख्खी नसली तरी जवळ बसत आणि एकमेकांना चाटत. नर-मादी, मादी-मादी, नर-नर अशा सगळ्या प्रकारच्या जोड्या आढळतात. नसबंदी झालेल्या दोन बोक्यांची घट्ट दोस्ती अनेक घरांत दिसते, ती याच प्रकारातली.

ही दोस्ती ओळखायची कशी? आधी शेपटी बघावी. मित्राकडे निघालेलं मांजर शेपटी सरळ उभी धरतं, टोक किंचित वाकलेलं. ब्रिटनमध्ये शार्लट कॅमेरून-ब्यूमाँट यांनी मांजराच्या काळ्या छायाकृती कापून घरातल्या मांजरांपुढे ठेवल्या. शेपटी उभी असलेल्या आकृतीकडे मांजरं चटकन गेली, जाताना स्वतःचीही शेपटी उभारली. शेपटी खाली असलेल्या आकृतीकडे जाताना ती बिचकली. पुढे रोममधल्या वसाहतीतल्या मांजरांवर सिमोना काफाझ्झो आणि युजेनिया नातोली यांनी केलेल्या निरीक्षणांत (२००९) शेपटी उभारण्याची सुरुवात बहुतेकदा दबलेल्या मांजराकडून वरचढ मांजराकडे होताना दिसली. ‘भांडायला आलेलो नाही’ असा निरोप त्यात असतो.

त्यानंतर नाकाला नाक लागतं. मग गाल गालावर, कपाळ कपाळावर घासलं जातं, कधी सगळं अंग पुढच्याच्या अंगाला टेकत पुढे सरतं आणि शेपट्या एकमेकींत अडकतात. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ या ठिकाणी मांजराच्या गंधग्रंथी असतात. घासाघाशीतून वास एकमेकांत मिसळतो आणि गटाचा म्हणून एक सामाईक वास तयार होतो. त्या वासाची ताकद बघायची तर दवाखान्यातून परतलेल्या मांजराचं स्वागत बघावं. सकाळी ज्याच्या कुशीत ते झोपलं, तोच सोबती संध्याकाळी त्याच्यावर फिस्कारतो. चेहरा तोच असतो. पण अंगाला औषधाचा आणि परक्या प्राण्यांचा वास असतो, आणि सोबत्याच्या लेखी ते परकं ठरतं.

चाटण्याचा अर्थ मात्र दिसतो तितका सरळ नाही. एक मांजर दुसऱ्याचं डोकं आणि मान चाटतं, दुसरं डोळे मिटून मान पुढे करतं, हे दृश्य प्रेमाचं वाटतं आणि पुष्कळदा असतंही. पण नेदरलँड्समधले रूड व्हान डेन बोस यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की चाटणारं मांजर बहुधा वरचढ असतं आणि चाटता चाटता मध्येच पंजाही मारतं. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या हिकारी कोयासू यांनी २०२३ मध्ये आणखी कोड्यात टाकणारा निष्कर्ष मांडला. पाच-पाच मांजरांच्या तीन गटांत त्यांनी लघवीतून संप्रेरकं मोजली. ऑक्सिटोसिन हे आपुलकीचं संप्रेरक मानलं जातं. ज्या मांजरांत ते जास्त, ती इतरांना अधिक चाटतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती कमी चाटत होती. नव्याने एकत्र आणलेली मांजरं शेजारी राहतात, पण कळपातल्या प्राण्यांसारखी एकमेकांची होत नाहीत, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. गट माणसाने जमवला आणि दोस्ती मांजराने केली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वतः जोडलेल्या दोस्तीत मांजराचं लक्ष किती असतं, हेही जपानमध्येच तपासलं गेलं. साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी घरातल्या मांजराला त्याच्या घरातल्याच दुसऱ्या मांजराचं नाव ऐकवलं आणि मग पडद्यावर चेहरा दाखवला. नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असला, की मांजर पडद्याकडे जास्त वेळ बघत राही. म्हणजे सोबत्याचं नाव आणि चेहरा यांची जोडी त्याच्या डोक्यात पक्की होती, तीही कुणी शिकवल्याशिवाय. २०२२च्या याच अभ्यासात कॅट कॅफेतली, म्हणजे गिऱ्हाइकांच्या सोबतीला मांजरं ठेवणाऱ्या उपाहारगृहांतली, मांजरं मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झाली नाहीत. तिथे मांजरं पुष्कळ आणि सतत बदलती माणसं. कोणाचं नाव काय, याचा अंदाज येणं अवघड.

मांजराचा चेहरा निर्विकार असतो, हाही समज गेला. लॉरेन स्कॉट आणि ब्रिटनी फ्लोर्कीविझ यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका कॅट कॅफेत मांजरांचे आपापसातले व्यवहार चित्रित केले आणि २०२३ मध्ये २७६ वेगवेगळे मुखभाव नोंदवले. मैत्रीच्या प्रसंगी कान आणि मिशा पुढे झुकतात, डोळे मिटतात. वैराच्या प्रसंगी बाहुल्या बारीक होतात, कान डोक्याला चिकटतात.

याहून अनपेक्षित आहेत ती जातीबाहेरची नाती. चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही सांगितला जातो. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ उंदीर मारायला शिकली. एकटी वाढवलेल्या २० पैकी ९ जणांनी उंदीर मारले. आणि ज्या १८ पिलांना उंदरासोबत एकाच पिंजऱ्यात वाढवलं, त्यांतली फक्त ३ पुढे उंदीर मारू लागली. तीही ज्या प्रकारच्या उंदरासोबत वाढली, तो सोडून. ज्याच्यासोबत बालपण गेलं, तो मांजराच्या यादीत ‘खाद्य’ या सदरात जातच नाही.

बालपणाचा हा काळ फार थोडा असतो. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांच्या कामातून तो साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा ठरला. त्या दिवसांत जे हात, जे वास, जे प्राणी भेटतात ते आपले होतात. कुत्र्या-मांजराच्या दोस्तीमागेही बऱ्याच अंशी हेच आहे. तेल अवीव विद्यापीठाच्या २००८च्या अभ्यासात मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना भेटले, तर त्यांचं जमण्याची शक्यता जास्त दिसली. दोघांच्या देहबोलीत विसंगती असूनही अशा जोड्या एकमेकांचे इशारे बरोबर वाचतात.

मोठ्या मार्जारकुळातही असे अपवाद आहेत. गीरच्या जंगलात डिसेंबर २०१८ मध्ये एका सिंहिणीसोबत तिच्या दोन छाव्यांखेरीज बिबट्याचं जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू दिसलं. एरवी सिंह बिबट्याचं पिल्लू जिवंत ठेवत नाही. ही सिंहीण त्याला दूध पाजत होती, शिकारीचं मांस खाऊ देत होती. सुमारे दीड महिन्याने ते पिल्लू मेलं, पण जन्मजात हर्नियामुळे. सिंहांनी त्याला इजा केली नव्हती. नातं जातीतलंच, पण तितकंच अनपेक्षित: रणथंभोरमध्ये २०११ साली टी-५ ही वाघीण मेल्यावर तिच्या दोन बछड्यांना टी-२५ या नर वाघाने सांभाळलं, ही गोष्टही वनखात्याच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहे.

मात्र या सगळ्यातून मांजरांचं भाबडं चित्र रंगवण्याचं कारण नाही. सामाईक पिलं वाढवणाऱ्या ज्या माद्यांबद्दल मॅकडोनाल्ड यांनी लिहिलं, त्यांच्याच शेतांवर बोक्यांनी पिलं मारल्याच्याही नोंदी त्यांनी केल्या. शिवाय कुत्र्यांमध्ये किंवा माकडांमध्ये भांडणानंतर समेटाच्या रीती असतात. मांजरांत त्या फारशा दिसत नाहीत. मांजराचा तोडगा म्हणजे लांब जाणं. वन बीएचकेमध्ये लांब जायला जागा नसते, आणि तिथेच घरोघरच्या मांजरांची भांडणं चिघळतात.

म्हणून घरात दुसरं मांजर आणणाऱ्यांनी घाई करू नये. नव्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं, एकाच्या अंथरुणाचा तुकडा दुसऱ्याकडे देऊन वासाची ओळख आधी होऊ द्यावी, मग दाराच्या फटीतून भेट घडवावी. खाण्याची भांडी वेगळी आणि एकमेकांच्या नजरेआड असावीत. लिटर ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावा. उंचावर बसायला दोन-तीन जागा असाव्यात. सोसायटीतल्या मांजरांची नसबंदी करून घ्यावी. बोक्यांच्या मारामाऱ्या त्याने चांगल्याच कमी होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं पिलांबाबत. आपल्याकडे पिल्लू चालायला लागलं की उचलून कुणाला तरी देऊन टाकतात. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे सहा हजार मांजरांची माहिती तपासली, तेव्हा आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिलं पुढे अधिक आक्रमक झालेली आढळली. पिल्लू घरी न्यायचंच असेल तर किमान बारा आठवडे थांबावं, आणि जमलं तर एकाऐवजी त्याच वेतातली दोन न्यावीत.