नंबर कुणाच्या नावावर?

मोबाइलचं कनेक्शन घ्यायचं म्हटलं की आपला पहिला प्रश्न असतो, 'महिन्याला किती पडेल?' छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहणं हे माझं काम. त्यामुळे पुढचा प्रश्नही मला नेहमी ऐकू येतो, 'कनेक्शन स्वतःच्या नावावर घेऊ, की धंद्याच्या?'

आधी पैशांचं पाहू. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. पाचशे रुपयांच्या प्लॅनवर ९० रुपये कर, म्हणजे बिल ५९० रुपयांचं. तुमची जीएसटी नोंदणी असेल, बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल आणि फोन धंद्यासाठी वापरत असाल, तर हे ९० रुपये तुम्ही भरायच्या करातून वजा होतात. वर्षाचे झाले १०८० रुपये. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल, तर ही वजावट नाही. आयकरातही धंद्यापुरताच फोनखर्च दाखवता येतो. घरच्या गप्पांचा नाही.

पण माझं सांगणं असं, की या हजार रुपयांवर निर्णय करू नका. खरा प्रश्न आहे तो नंबराच्या मालकीचा. १९९५ साली देशात मोबाइल आला, तेव्हा नंबर म्हणजे बोलण्याची सोय होती. आज बँकेचा ओटीपी, आधार, यूपीआय सगळं त्याच दहा आकड्यांवर चालतं. नंबर ही आता तिजोरीची किल्ली झाली आहे. ती कुणाच्या खिशात आहे, हे नको का पाहायला?

कंपनी कनेक्शन देते, बिलही भरते, म्हणून अनेक नोकरदार तोच नंबर बँकेत देतात. नोकरी सुटली की सिम परत करावं लागतं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या खात्याचे निरोप परक्या माणसाच्या हाती! नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११पासून देशभर आहे. पण कंपनीच्या नावावरचा नंबर असा हलवायला त्या कंपनीचं अधिकारपत्र लागतं. राजीनामा दिल्यावर ते मागण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

आता उलट बाजू. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर जो नंबर छापला, तो विक्रेत्या मुलाच्या नावावर असतो. मुलगा दुसरीकडे कामाला लागला, की नंबर त्याच्याबरोबर जातो आणि नंबरामागून गिऱ्हाईक. इथे नुकसान मालकाचं.

म्हणून साधा नियम ठेवा. बँक, आधार आणि घरचा नंबर स्वतःच्या नावावर. पाटीवरचा नंबर धंद्याच्या किंवा मालकाच्या नावावर. हल्ली बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात, तेव्हा दोन फोन बाळगायलाच हवेत असंही नाही. भागीदारीत धंदा असेल, तर भागीदारी मोडल्यास नंबर कुणाकडे राहील, हेही करारात लिहून ठेवा.

आपल्या नावावर किती कनेक्शनं आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. आज जेवण झालं की पाच मिनिटं काढा आणि घरातल्या प्रत्येकाचा नंबर कुणाच्या नावावर आहे, ते एकदा तपासा.